झडतीचा हिशेब



ह्या मालेत आमच्या आधी विद्वान मंडळी बोलून गेली. त्यांच्या जागी आज कामगार चळवळीतला, सातवीत शाळा सुटलेला माणूस उभा आहे. आणि त्याने विषय घेतला आहे विमानतळावरील तपासणीचा. चालकांपैकी एका स्नेह्यांनी आम्हांला विचारलेच, "तुमचे आयुष्य कारखान्याच्या गेटवर गेले. विमानतळाचे तुम्हांला काय कळते?" आमचे उत्तर असे की, आयुष्य गेटवर गेले म्हणूनच थोडेसे कळते. झडती म्हणजे काय हे आम्ही प्रथम वाचनालयात वाचले नाही; हात वर करून उभे राहिलो तेव्हा शिकलो. वाचन मागून आले. तेव्हा आरंभ गेटपासूनच करू.

साधारण तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका इंजिनिअरिंग कारखान्यात आम्ही कामाला होतो आणि युनियनचे कामही पाहत होतो. कारखान्यात तांबे-पितळ पुष्कळ. गोदामात माल कमी भरू लागला, तसा वरून हुकूम निघाला की, पाळी सुटताना प्रत्येक कामगाराची झडती घ्यावी. गेटवर रांग लागू लागली. डबा उघडून दाखवायचा, खिसे उलटे करायचे आणि वॉचमन अंग चाचपीत असता मुकाट उभे राहायचे. सहाशे माणसांची पाळी, प्रत्येकाची वीस मिनिटे मोडत. आम्ही वहीत हिशेब मांडला: दिवसाला दोनशे तास, म्हणजे पंचवीस माणसांचे पूर्ण दिवसाचे काम रोज त्या गेटवर नुसते उभे राही. तो वेळ कामाचा धरला जात नसे. तो आमच्या घरचा वेळ होता.

एके दिवशी आमच्या एका जुन्या फिटरच्या खिशात पितळेचा एक बुश निघाला. काम करता करता खिशात टाकलेला आणि विसरलेला. किंमत म्हणाल तर चहाच्या दोन कपांची. तो सस्पेंड झाला. चार महिने चौकशी चालली. आम्ही भांडलो आणि तो परत कामावर आला. पण त्या दिवसापासून त्याने डबा आणणे सोडून दिले. निवृत्त होईपर्यंत त्याच्या हातात आम्ही पुन्हा कधी डबा पाहिला नाही.

पुढे कळले ते असे. तांबे जात होते, हे खरे. पण ते डब्यातून जात नव्हते. ते भंगाराच्या ट्रकमधून, रीतसर शिक्का मारलेल्या गेटपासवर जात होते. ट्रकची झडती कोणी घेत नव्हते, कारण ट्रक रांगेत उभा राहत नव्हता. आणि हे उघडकीस आल्यावर कामावरून गेला कोण? तर गेटवरचा वॉचमन. कंत्राटी माणूस, बारा-बारा तास उभा राहणारा. आम्ही सगळ्यांनी त्याला वर्षभर मनातून आणि तोंडाने शिव्या दिल्या होत्या. तो आमच्या युनियनचा सभासद नव्हता, म्हणून त्याच्यासाठी आम्ही एक अर्जही लिहिला नाही. ही आमची चूक. ती आम्ही आज तीस वर्षांनी जाहीरपणे कबूल करतो.

पुढच्या करारात आम्ही एक कलम मागितले: झडतीचा वेळ हा कामाचा वेळ धरावा व त्याचा पगार द्यावा. मोठ्या ओढाताणीनंतर ते मान्य झाले. आणि मंडळी, चमत्कार पाहा. महिन्याच्या आत गेटवर एकाच्या तीन रांगा झाल्या. सगळ्यांची झडती बंद होऊन आठांतल्या एकाची होऊ लागली. आणि ट्रक काट्यावर तोलून सोडू लागले! जी सुधारणा आम्ही दोन वर्षे विनवण्या करून झाली नाही, ती मालकाला वीस मिनिटांचे पैसे मोजावे लागताच झाली.

ह्यातून आम्हांला तीन धडे मिळाले. पहिला असा की, जो रांगेत उभा राहतो त्याचीच झडती होते. दुसरा, झडती घेणारा हाही एक कामगारच असतो. आणि तिसरा सर्वांत मोठा: ज्याच्या हुकमाने झडती होते त्याच्या पदरचा खर्च होऊ लागल्यावाचून तिचा हिशेब कोणी करीत नाही. हेच तीन धडे घेऊन आता विमानतळावर जाऊ.

प्रथम तपासणीची बाजू. वाटाघाटीत समोरच्याचे खरे असेल ते आधी मान्य करावे, अशी आमची रीत आहे. १९६८ ते १९७२ ह्या पाच वर्षांत अमेरिकेत शंभराहून अधिक विमाने पळवण्याचे प्रयत्न झाले. तिकीट काढावे, पिस्तूल घेऊन चढावे आणि वैमानिकाला क्यूबाची वाट धरायला लावावी, इतके ते सोपे होते. ५ जानेवारी १९७३ पासून तेथे प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली आणि अपहरणे बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिका व क्यूबा ह्यांच्यात अपहरणकर्त्यांना आसरा न देण्याचा करारही झाला, तेव्हा सगळे श्रेय तपासणीचे नाही; पण मोठा वाटा तिचा आहे. आपल्याकडे ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' नावाचे विमान दोन तरुणांनी लाहोरला नेले. त्यांच्याजवळचे पिस्तूल खोटे आणि हातबाँब लाकडी होता! साधी झडती झाली असती तर ते प्रकरण श्रीनगरलाच संपते.

आणि 'कनिष्क' आम्ही विसरू शकत नाही. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे हे विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटले. ३२९ माणसे गेली. बहुतेक कॅनडात राहणारी, भारतीय वंशाची कुटुंबे. बाँब सामानाच्या बॅगेत होता. बॅग व्हँकुव्हरहून पुढे पाठवली गेली. तिचा धनी विमानात चढलाच नाही. टोरांटोला क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले आणि उरलेले सामान हातातल्या वास घेणाऱ्या यंत्राने कसेबसे तपासले गेले. ह्या भीषण घटनेनंतर एक नियम जगभर कडक झाला: प्रवासी चढला नाही तर त्याची बॅगही चढता कामा नये. हा नियम साधा, स्वस्त आणि बिनतोड आहे. असे नियम आम्हांला हवेत.

त्याच दिवशी आणखी एक स्फोट झाला, त्याचा उल्लेख फार होत नाही. व्हँकुव्हरहूनच आलेली दुसरी बॅग जपानच्या नारिता विमानतळावर फुटली. तीही एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानासाठी होती. ती फुटली तेव्हा प्रवाशांजवळ नव्हती. सामान हलवणाऱ्या कामगारांच्या हातांत होती. दोन हमाल जागीच गेले. कुठलीही सुरक्षाव्यवस्था कोलमडते तेव्हा पहिला घाव पुष्कळदा सामान उचलणाऱ्यावर बसतो, एवढे लक्षात असू द्या.

आता पहिला धडा लावून पाहू. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन ॲम कंपनीचे विमान कराचीला उतरले असता चार हत्यारबंद इसमांनी ते ताब्यात घेतले. ते तपासणीच्या रांगेतून आलेच नव्हते. सुरक्षा रक्षकांचा गणवेश घालून, विमानतळाच्या सुरक्षा विभागाचीच वाटावी अशा मोटारीतून ते थेट विमानापाशी गेले. आमचा भंगाराचा ट्रकच तो! त्या दिवशी नीरजा भनोत ह्या तरुण मुलीने वैमानिकांना सावध केले, त्यामुळे ते निसटले व विमान जमिनीवरच राहिले. प्रवाशांना वाचवताना तिने प्राण दिला. यंत्राने केले नाही ते नोकरीवर असलेल्या एका मुलीने केले.

११ सप्टेंबर २००१ चे एकोणीस इसम मात्र रांगेतून आले. पण चार इंचांहून लहान पात्याची सुरी त्या काळी अमेरिकन नियमांना मान्य होती. तपासणी चुकली असे म्हणण्यापेक्षा, ती जे शोधत होती ते त्यांच्याजवळ नव्हते, असे म्हणणे अधिक बरोबर. त्यानंतरची उदाहरणे पाहा. डिसेंबर २००१ मध्ये बुटात स्फोटक घेऊन एक इसम विमानात बसला. त्याला आवरले ते सेविकांनी व प्रवाशांनी. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला पेयांच्या बाटल्यांतून स्फोटके नेण्याचा कट उघडकीस आला. तो पोलिसांनी महिनोन्महिने पाळत ठेवून पकडला, विमानतळाच्या यंत्राने नव्हे. २००९ च्या नाताळात अंतर्वस्त्रात स्फोटक दडवून एक तरुण डेट्रॉइटच्या विमानात चढला. त्याच्याविषयी त्याच्या बापाने महिनाभर आधी अमेरिकन वकिलातीत जाऊन सांगितले होते. बापाचे ऐकले असते तर यंत्राची गरज पडली नसती.

आणि मार्च २०१६ मध्ये ब्रुसेल्सला मारेकऱ्यांनी तपासणीपर्यंत जाण्याचीही तसदी घेतली नाही. बाहेरच्या दालनात, जेथे प्रवाशांची दाटी होती, तेथेच त्यांनी बाँब उडवले. रांग आखडली नाही तर ती स्वतःच लक्ष्य होते. नवीन दार बसवले की नवीन रांग लागते. गर्दी नाहीशी होत नाही, ती दाराबाहेर सरकते.

दुसरा धडा तपासनिसाचा. जून २००० मध्ये अमेरिकन संसदेच्या हिशेबतपासणी खात्याने एक अहवाल दिला. त्या वेळी तेथील तपासणीचे काम विमान कंपन्या कंत्राटदारांकडून करून घेत. त्या अहवालात असे आहे की, १९ मोठ्या विमानतळांवर मे १९९८ ते एप्रिल १९९९ ह्या वर्षभरात तपासनिसांची नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण सरासरी १२६ टक्के होते. एका विमानतळावर तर ४१६ टक्के. म्हणजे शंभर जागा असतील तर वर्षात तेथे चारशेवर माणसे आली आणि गेली. कारण उघड होते: पुष्कळ ठिकाणी त्याच इमारतीतल्या खाणावळीत बशा उचलणाऱ्याला ह्यांच्याहून अधिक पगार होता. लाखो लोकांच्या जिवाची राखण खाणावळीहून कमी मजुरीत करून घ्यायची, आणि मग ११ सप्टेंबर उजाडला की 'हे झाले कसे?' म्हणून विचारायचे! त्यानंतर कायदा होऊन हे काम सरकारी नोकरांकडे आले.

पण सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचे डोळे बदलत नाहीत. २०१५ साली असे बाहेर आले की, सरकारच्याच गुप्त परीक्षकांनी नकली शस्त्रे व स्फोटके घेऊन ७० वेळा तपासणी ओलांडण्याचा प्रयत्न केला आणि ६७ वेळा ते पार झाले. वाचून लोकांनी तपासनिसांना नावे ठेवली. आम्ही ठेवणार नाही. जेरेमी वुल्फ नावाच्या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरील चित्रांत एक ठराविक वस्तू शोधायची. ती निम्म्या चित्रांत असेल, तर पाहणारे शंभरांत सात वेळा चुकत. तीच वस्तू शंभर चित्रांतून एकदाच येत असेल, तर तीच माणसे तीस वेळा ती हुकवीत. म्हणजे जे क्वचित येते ते डोळ्याला दिसेनासे होते. हा आळस नव्हे. हा मनुष्याच्या डोळ्याचा धर्म आहे. विमानतळावर तर खरा बाँब तपासनिसाच्या सबंध नोकरीत एकदाही यायचा नाही.

ह्यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. पडद्यावर मधून मधून खोटी शस्त्रांची चित्रे टाकून लक्ष जागे ठेवतात. एका माणसाने सामान्यतः सलग वीस मिनिटांहून अधिक वेळ पडद्याकडे पाहू नये, असा युरोपातील नियम आहे. विश्रांती, पुरेशी माणसे, टिकून राहावेसे वाटेल असा पगार — आम्ही ज्या मागण्या गिरणीच्या आणि कारखान्याच्या दाराशी मांडत आलो, त्याच येथे सुरक्षेची साधने ठरतात. २०१८ च्या डिसेंबरात अमेरिकन सरकारचा खजिना भांडणापायी ३५ दिवस बंद पडला, तेव्हा हे तपासनीस बिनपगारी उभे होते. एके दिवशी दहांतला एक जण कामावर आला नाही. अनेकांनी सांगितले की, गाडीत पेट्रोल घालायला पैसे नाहीत. ह्याच लोकांना २००३ साली सामुदायिक कराराचा हक्क नाकारला होता, तो २०११ मध्ये मर्यादित स्वरूपात मिळाला, २०२४ मध्ये सात वर्षांचा करार झाला, आणि मार्च २०२५ मध्ये सरकारने तो करार रद्द केल्याचे जाहीर करताच प्रकरण न्यायालयात गेले.

आपल्याकडे १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान कंदाहारला नेले गेले, एका तरुण प्रवाशाचा खून झाला आणि तीन कैदी सोडावे लागले. पुढच्याच वर्षापासून आपले विमानतळ एकेक करून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवले जाऊ लागले. मागे एकदा आम्ही दिल्लीला परिषदेसाठी विमानाने निघालो, तेव्हा आमच्या पिशवीतला छोटा पेचकस काढून घेणारा जवान बोलीवरून साताऱ्याकडचा वाटला. आम्ही विचारले, "केव्हापासून उभा आहेस रे बाबा?" तो म्हणाला, "पहाटे तीनला आलोय काका. तुम्ही पुढं सरका, मागं लाईन थांबलीय." आम्हांला आमच्या गेटवरचा वॉचमन आठवला. ह्या जवानाला संघटना करण्याची मोकळीक नाही. तेव्हा त्याच्या पायांविषयी आणि डोळ्यांविषयी बोलायचे ते तुम्ही-आम्ही प्रवाशांनीच.

आता तिसरा धडा, खर्चाचा. आपल्या देशांतर्गत तिकिटात विमान सुरक्षा शुल्क म्हणून २०२१ च्या एप्रिलपासून दर प्रवाशामागे २०० रुपये धरले गेले. २०२४ साली देशात सोळा कोटींहून अधिक लोकांनी अंतर्गत विमानप्रवास केला. ढोबळ गुणाकार केला तर बत्तीसशे कोटी रुपये होतात. वेळेचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. माणशी अर्धाच तास तपासणीत गेला असे धरा: आठ कोटी तास, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने एक कोटी दिवसांचे काम. आणि यंत्र शंभरांत नव्याण्णव वेळा बरोबर असले तरी उरलेल्या एका टक्क्यात सोळा लाख निरपराध माणसे वर्षाला बाजूला काढली जातात. दिवसाला चार हजारांवर. तीं माणसे कोण, हेही पाहा. नृत्यांगना सुधा चंद्रन ह्यांना आपला कृत्रिम पाय तपासणीसाठी वरचेवर काढावा लागतो, हे त्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले, तेव्हा दलाने त्यांची क्षमा मागितली. त्यांचे नाव मोठे म्हणून ते ऐकू आले. आमच्या त्या फिटरची क्षमा कोणी मागितली नाही.

आणखी एक खर्च आहे, तो विमानतळावर दिसतच नाही. ११ सप्टेंबरनंतर भीतीपोटी पुष्कळ अमेरिकन लोक विमान सोडून मोटारीने जाऊ लागले. मोटार विमानाहून कितीतरी धोक्याची. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर ह्यांचा अंदाज असा की, त्या एका वर्षात रस्त्यांवर सुमारे दीड हजार माणसे जास्तीची मेली. पुढे सामानाच्या तपासणीचा ताप वाढला तसेही काही प्रवासी रस्त्याकडे वळले, असे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी आकडे मांडून दाखवले आहे. एका दारावर वाचवलेला जीव दुसऱ्या दारावर गेला, तर तो जमाखर्चात धरायचा की नाही?

मग कशावरचा खर्च कामी आला? जॉन म्युलर आणि मार्क स्टुअर्ट ह्या दोन अभ्यासकांनी हा हिशेब खरोखरीच मांडला. वैमानिकाच्या कक्षाचे दार मजबूत करून आतून बंद ठेवण्याला त्यांच्या गणिताने वर्षाला सुमारे चार कोटी डॉलर लागतात आणि तो पैसा सत्कारणी लागतो. विमानात साध्या वेषातले हत्यारबंद शिपाई बसवण्याला सुमारे नव्वद कोटी लागतात आणि त्याचा लाभ खर्चाच्या जवळपासही जात नाही. तथापि दारालाही आपली किंमत आहे. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या विमानात सहवैमानिकाने आतून तेच दार लावून घेतले, कप्तानाला बाहेर ठेवले आणि विमान आल्प्स पर्वतावर नेऊन आपटले. १५० माणसे गेली. जे कुलूप चोराला बाहेर ठेवते ते धन्यालाही बाहेर ठेवू शकते. म्हणून आम्ही म्हणतो, कोणताही उपाय देवघरात ठेवून पुजू नये. तो वर्षावर्षाला तपासावा.

पण तपासतो कोण? येथेच खरी गोम आहे. बुटातल्या स्फोटकाच्या निमित्ताने अमेरिकेत २००६ पासून सगळ्यांनाच बूट काढायला लावू लागले, ते जुलै २०२५ पर्यंत चालले. एका माणसाच्या बुटापायी एकोणीस वर्षे कोट्यवधी लोक मोज्यांवर उभे राहिले. आपल्याकडे हातातल्या पिशवीला चिठ्ठी बांधून तिच्यावर शिक्का मारून घ्यावा लागे. शिक्का नसला की प्रवासी विमानाच्या दारातून परत धावत येई. एप्रिल २०१७ मध्ये मुंबई, दिल्ली धरून सात मोठ्या विमानतळांवर ही पद्धत बंद झाली. पिशव्या त्याच राहिल्या, शिक्का गेला. ह्या गोष्टी इतकी वर्षे टिकतात का? नवा नियम काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून दमडी जात नाही. पण त्याने जुना नियम काढून टाकला आणि दुसऱ्या दिवशी काही घडले, तर त्याची मान जाते. मग तो कशाला काढील? त्याला आम्ही वाईट म्हणत नाही. त्याच्या जागी आम्हीही तेच केले असते. म्हणून हा हिशेब एकट्या अधिकाऱ्यावर सोडता येत नाही.

न्यायालयानेही ह्या बाबतीत नेहमी हात दिला आहे असे नाही. अमेरिकेत ॲमेझॉनच्या गोदामांत कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांनी, पाळी सुटल्यावरच्या झडतीत आमची पंचवीस-पंचवीस मिनिटे जातात, त्याचा पगार द्या, असा दावा लावला. डिसेंबर २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. पंचवीस मिनिटे, मंडळी! आमची वीस होती. समुद्रापलीकडे माणसे तशाच रांगेत उभी आहेत, हे वाचून आम्हांला त्या रात्री झोप आली नाही.

आमच्यावर आक्षेप येईल, तो आम्हीच आधी मांडतो. कोणी म्हणेल, "एक विमान पडले तर तीनशे जीव जातात, तेथे पैशाचा आणि मिनिटांचा हिशेब कसला करता? जिवाला मोल आहे काय?" आम्ही उलट विचारतो, कोणाच्या जिवाला? आमच्या मुंबईच्या लोकल गाड्यांवर २०२३ व २०२४ ह्या दोन्ही वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मेली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी दारातल्या गर्दीतून खाली पडून. बहुतेक कामावर जाणारी किंवा कामावरून येणारी. सहा-सात 'कनिष्क' दरवर्षी, आणि बाँबवाचून! त्यांना रुळांवरचा पूल पाहिजे, फलाटाची उंची पाहिजे, जादा गाड्या पाहिजेत. तेथे मात्र आम्हांला सांगतात की, पैशाचा विचार करावा लागतो. म्हणजे जिवाचा हिशेब होत नाही असे नाही. तो रोज होतो. फक्त गरिबाच्या जिवाचा उघड होतो आणि विमानाच्या बाबतीत तो करणे असभ्य ठरते. ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट आम्ही विसरलो नाही, २००८ साली छत्रपती शिवाजी टर्मिनसवर झालेला गोळीबारही विसरलो नाही. तेथे धातू शोधण्याच्या चौकटी उभ्या राहिल्या. गर्दी त्यांतून जाते, चौकट वाजते, आणि वाजतच राहते. जे सगळ्यांना पाहून वाजते ते कोणालाच पाहून वाजत नाही.

तेव्हा तपासणी बंद करा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. 'कनिष्क'च्या मुलांची शपथ घेऊन सांगतो, ती हवी. आमची मागणी कराराच्या कलमांइतकीच साधी आहे. प्रत्येक नव्या नियमाला मुदत घाला. मुदत संपली की तो आपोआप जावा आणि ठेवायचा असेल तर ठेवणाऱ्याने कारण द्यावे. रांगेत किती वेळ जातो तो दर विमानतळाने मोजून जाहीर करावा, आणि ठरलेल्या वेळेहून अधिक गेला तर प्रवाशाच्या शुल्कातून सूट मिळावी, म्हणजे हुकूम काढणाऱ्याच्या पदरचे काही जाईल. तपासनिसाची पाळी, विश्रांती व पगार ह्यांना सुरक्षेचे कलम समजावे, खर्चाचे नव्हे. आणि मागच्या दाराने जाणाऱ्या ट्रककडे तितक्याच बारकाईने पाहावे, जितके आमच्या डब्याकडे पाहिले गेले.

तुमच्यापैकी पुष्कळ जण आता सुटीत विमानाने कुठे ना कुठे जातील. रांगेत ताटकळाल, चिडाल. तो तुमचा हक्क आहे. पण समोर उभ्या असलेल्या जवानावर चिडू नका. आम्ही तसे एकदा चिडलो होतो, आणि ज्याच्यावर चिडलो तो आमच्याहून अधिक थकलेला होता. राग वहीत उतरवा, मिनिटे मोजा, आणि ज्याने हुकूम काढला त्याला पत्र लिहा.